पापणी लवेपर्यंतचा उशीर

मी एक टीव्ही बोलतोय. जरा उशिराच बोलतोय, पण काय करणार, तो माझा स्वभाव आहे. ही गोष्टही त्या स्वभावाचीच आहे, आणि त्यापायी एका भल्या माणसाचा हात जवळजवळ फुकट गेला होता. म्हणून सगळं सांगून टाकतो. मनात ठेवून मला तरी काय मिळणार?

मी पंचावन्न इंचांचा. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं एका दिवसात माझ्यासारखे हजारो जन्माला येतात, त्यामुळे बारशाची भानगड नव्हती. पण तिथल्या माणसांनी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की भरवली. आलेलं चित्र आहे तसं पुढं ढकलायचं नाही. आधी ते धुवायचं, पुसायचं, रंग चढवायचे, कडा नीट करायच्या आणि मगच चारचौघांत आणायचं. या नट्टापट्ट्याला वेळ तो किती लागायचा? पापणी लवेपर्यंतचा. तेवढ्यानं कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं.

पहिली पाच वर्षं मी एका थंड देशातल्या हॉटेलात काढली. माणसं यायची, बूट काढून पलंगावर पडायची, हवामानाच्या बातम्या लावायची आणि घोरायला लागायची. मी तिकडे ढग कितीही सुंदर दाखवले तरी बघायला कुणी जागं नसायचं. मग हॉटेलानं भिंतींना रंग दिला, आणि नव्या रंगावर मी शोभेना. फ्रीज, गाद्या आणि इस्त्र्यांबरोबर मला कंटेनरमध्ये भरलं, आणि बऱ्याच दिवसांनी दार उघडलं ते घानातल्या टाकोराडीच्या बंदरात.

तिथून मी ओपोकूच्या दुकानात आलो. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर देव असतोच. ओपोकूच्या पाटीवर होतं, ‘देवाची वेळ अचूक इलेक्ट्रिकल्स’. ओपोकूनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, वापरलेल्या मालाला नवं कोरं प्लास्टिक चढवलं आणि माझे सगळे रंग अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवले. मग एक पोपट आणि एक धबधबा दिवसभर चालू ठेवला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आंटी अराबा आली ती डिसेंबरात. मार्केट सर्कलच्या मागे तिचं गेमचं दुकान आहे. निळ्या रंगाचा एक जुना कंटेनर, आत दोन बाकं, एक टेबल, फुटबॉलच्या गेमचा डबा आणि दोन कंट्रोलर. तिच्याकडचा जुना टीव्ही, तो पाठीला पोक असलेला, दहा वर्षं न कुरकुरता चालला होता. एक दिवस वीज गेली आणि परत आली ती दांडगाई करतच आली. पोकवाल्याच्या आतून धूर निघाला आणि खेळ संपला.

“हा बघा, मॅडम,” ओपोकू मला दाखवत म्हणाला. “या पोपटाचं पीस न् पीस मोजून घ्या.”

आंटीनं पोपट बघितला, मग फुटबॉलची मॅच लावायला सांगितली. हिरवंगार मैदान बघून तिचा चेहरा खुलला. “अगं बाई, या गवतात शेळी सोडावीशी वाटते,” ती म्हणाली. मला टॅक्सीच्या टपावर बांधलं, आणि मी माझ्या तिसऱ्या घरी निघालो.

दुकानात माझं स्वागत असं काही झालं की विचारू नका. आंटीनं सगळ्यांना मिनरलच्या, म्हणजे गोड सोड्याच्या, बाटल्या पाजल्या. माझं प्लास्टिक काढू दिलं नाही. रिमोट तर तिनं आणखी एका पिशवीत गुंडाळला, रबर लावलं आणि खणात बायबलशेजारी ठेवून कुलूप घातलं. “पोरं बटणं दाबून वाट लावतात,” ती म्हणाली. “याला दुकानदारानं जसं लावून दिलंय, तसंच राहू दे.” त्या रिमोटच्या कोपऱ्यात एक छोटं बटण होतं, गेमसाठीच केलेलं. ते दाबलं की मी नट्टापट्टा बराच आवरता घेतो. पण ते बटण आता कुलपात होतं, आणि मला तोंड नव्हतं.

आता एबोबद्दल सांगतो. एबो क्वान्सा. वय चौतीस. आंटीच्या कंटेनरसमोर, गटाराच्या पलीकडे त्याची फोन दुरुस्तीची टपरी आहे. दार उघडं असलं की मला त्याचं टेबल सरळ दिसतं. डोळ्याला भिंग लावून तो फोनच्या पोटातले तिळाएवढे तुकडे उचलायचा आणि डाग देऊन पुन्हा जागेवर बसवायचा. इतर दुकानांनी हात टेकलेले फोन लोक त्याच्याकडे आणायचे. सगळे त्याला मास्टर म्हणायचे. आणि दुपारी काम आटोपलं की तो आंटीकडे खेळायला यायचा.

आमच्याकडचा नियम साधा आहे. जिंकणारा बसतो, हरणारा उठतो. एबो सहा वर्षं फारसा उठलाच नव्हता. सहा मार्चला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला, शहरात स्पर्धा असते, प्रत्येक गेमच्या दुकानातून एक खेळाडू जातो, आणि आंटीकडून दरवर्षी एबोच जायचा. खेळताना तो म्हणायचा, “माझा हात अजून टपरीला पुरेसा आहे की नाही, ते मी इथं तपासतो.” लोकांना ती थट्टा वाटायची. ती थट्टा नव्हती.

त्या डिसेंबरात, मी यायच्या आठवडाभर आधी, एका ट्रोट्रोच्या, म्हणजे भाड्याच्या मिनीबसच्या, सरकत्या दारात त्याचा उजवा अंगठा सापडला. प्लास्टर बसलं. जानेवारीच्या शेवटी प्लास्टर निघालं, आणि तो पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसला. बाहेर उत्तरेकडच्या वाळवंटाची धूळ उडत होती, सगळ्यांचे ओठ फुटलेले होते. आंटीनं माझी काच पुसून दिली. “घे, राजासारखा खेळ,” ती म्हणाली.

समोर जोजो होता. जोजो सुतारकाम करतो, पंचविशीचा आहे आणि तोंडाला फाटक नाही. त्यानं चेंडू मारला. एबोचा अंगठा वेळेवर पडला, हे मी शपथेवर सांगतो. गेमच्या डब्यातून चित्र तत्काळ माझ्याकडे आलं: गोलकीपर झेपावतोय. आणि मी काय करत होतो? मी त्या गोलकीपरच्या सदऱ्याला इस्त्री करत बसलो होतो. बचावातला माणूस पुढं धावलेलाही एबोला मी उशिरा दाखवला, त्यावर त्यानं केलेली हालचालही उशिराच दाखवली. गोल झाला. मग दुसरा झाला. मग चौथा.

“मास्टर, हा तर माझ्या आजीनं अडवला असता,” जोजो म्हणाला. “तिला मोतीबिंदू आहे.”

बाकावरचे सगळे हसले. एबोही हसला. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. मला त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या सुंदर रंगांची लाज वाटली.

तुम्ही म्हणाल, उशीर सगळ्यांनाच होता, मग जोजोला कसा बाधला नाही? अहो, जोजो आणि त्याच्या वयाची मंडळी माझ्यासारख्या सपाट, आळशी टीव्हींवरच खेळायला शिकली. ती सवयीनं आधीच बटण दाबून मोकळी होतात. एबोचा अंगठा मात्र दहा वर्षं त्या पोकवाल्यावर घडला होता, आणि तो पोकवाला चित्र आलं की तसंच पुढं फेकायचा. दिसायला गबाळा, पण कामाला वक्तशीर. त्याची आणि एबोची गट्टी जमली होती. मी आलो आणि ती मोडली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोष ठेवायला एक अंगठा आयता समोर होता.

एबो रोज यायचा, हरायचा आणि उठायचा. आधी दहातल्या नऊ मॅच जिंकणारा माणूस बाकाच्या टोकाला बसून पाळीची वाट बघू लागला. जोजोनं नवीन काढलं. “मास्टर, अंगठ्याला पामतेल लावा. गंजलाय.” पुढं पुढं एबोनं हसणंही सोडलं, आणि मग जोजोनंही चिडवणं सोडलं. ते जास्त वाईट होतं.

मला समोरची टपरी दिसायची. आधी एबोच्या हातून एक स्क्रू पडला. मग त्यानं भिंग काढून ठेवलं. मग एक बाई तिच्या बंद पडलेल्या फोनमध्ये मेलेल्या आईचा आवाज आहे म्हणून आली, काम बारीक होतं, आणि एबो म्हणाला, “ताई, हे माझ्याच्यानं होणार नाही. आक्राला पाठवा.” बाई गेली. त्याला वाटत होतं, खेळात जो हात चुकतो तो डाग देताना कसा चुकणार नाही? आणि मनात एकदा हे शिरलं की हात खरोखरच थरथरतो. हाडाचं दुखणं डॉक्टरला कळतं, हे कुणाला कळणार?

एका दुपारी आंटी त्याच्यासाठी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला उंडा, आणि तळलेला मासा घेऊन बसली. बाकी कुणी नव्हतं.

“डॉक्टर काय म्हणाला?” तिनं विचारलं.

“हाड जुळलं म्हणाला.”

“मग?”

“हाड जुळलं, आंटी. हात काही परत आला नाही.” त्यानं मासा तसाच ठेवला. “सहा मार्चनंतर मी टपरी सोडतो. कुमासीला मेहुण्याचं कोल्ड स्टोअर आहे. गोठलेल्या कोंबड्या फोडायला काही नाजूक हात लागत नाही.”

आंटी उठली. तिनं शिया नावाच्या बियांच्या लोण्याची डबी आणली आणि त्याचा अंगठा मांडीवर घेऊन चोळत बसली, जसा काही तो तिच्या पोटचा असावा. पुढच्या रविवारी तिनं पास्टरलाही आणलं. पास्टरनं एबोच्या अंगठ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून मोठी प्रार्थना केली. मी टेबलावर उभा होतो, नव्या कोऱ्या प्लास्टिकमध्ये. प्रार्थना करायचीच होती तर माझ्यावर करायला हवी होती.

मग ती गोष्ट घडली. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता. एबोनं एका फोनच्या कॅमेऱ्याची फुटलेली काच बदलली होती. सोपं काम, तेवढंच तो घ्यायचा. त्याची एक जुनी रीत आहे. कॅमेरा दुरुस्त केला की तो आधी साधा चालवून बघतो, मग संथ गतीनं, आणि दहा सेकंद समोर जे असेल ते टिपतो. त्या दिवशी समोर जोजो खेळत होता. एबो त्याच्या पाठीमागे उभा राहिला. चौकटीत जोजोचे अंगठे आले आणि त्यांच्यावर मी आलो.

टिपून झाल्यावर त्यानं ते लावून बघितलं. परत बघितलं. मग भिंग डोळ्याला लावलं. कित्येक दिवसांनी लावलं हो ते भिंग त्यानं.

“जोजो,” तो हळूच म्हणाला, “खेळ थांबव. इकडे ये.”

“काय झालं? नाक दिसतंय का माझं?”

“तुझा अंगठा बघ. खाली गेला. गेला ना? आता तुझा माणूस बघ. उभाच आहे. अजून उभा आहे. अंगठा वरसुद्धा आला, आणि हा बाबा अजून उभाच.”

जोजोनं फोन हातात घेतला. “च्यायला,” तो म्हणाला, “हा तर मातीत पुरल्यासारखा उभा आहे.”

फोन एका सेकंदाचे दोनशे चाळीस तुकडे करत होता. एबो एकेक तुकडा पुढं सरकवत मोजायला लागला. अंगठा खाली गेल्यापासून माझ्या पडद्यावरचा माणूस हलेपर्यंत पंचेचाळीस तुकडे झाले. त्यानं परत मोजले. मग जोजोकडून मोजून घेतले. आंटी दारात येऊन उभी राहिली होती. तिला काही उमगेना.

“थोडा वेळ गेमचा डबा स्वतःच खातो,” एबो म्हणाला. “तो सगळीकडे खातो. पण एवढा नाही. आंटी, उरलेला वेळ हा टीव्ही खातोय.”

“हा?” आंटी माझ्याकडे वळली. “अरे, एवढा देखणा आहे तो.”

“देखणा आहे म्हणूनच. आरशासमोरून उठत नाही.”

मला काय वाटलं ते सांगतो. चोरी पकडल्यावर वाटावी तशी भीती वाटली, आणि त्याहून मोठं असं हायसं वाटलं. एबो मात्र उड्या मारत नव्हता. तो बाकावर बसला, उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि डाव्या हातानं डोळे पुसले. जोजो बाहेर जाऊन उगाचच गटारात थुंकून आला.

आंटीनं खण उघडला. बायबलशेजारची पिशवी काढली, रबर सोडलं, पिशवीतून रिमोट काढला. एबोनं ते कोपऱ्यातलं बटण दाबलं. माझे रंग उतरले, गवत साधं झालं, आणि मी बराच भराभर काम करू लागलो. पुन्हा मोजलं. अठ्ठावीस. “सुधारला,” एबो म्हणाला, “पण वय झालंय याचं. पोकवाला अठराच्या आत असणार.” आंटीचं तोंड एवढंसं झालं. “मीच कुलपात ठेवलं होतं रे ते,” ती पुनःपुन्हा म्हणत राहिली. एबो म्हणाला, “तुम्ही जपून ठेवलंत, आंटी. जपणाऱ्याला कोण रागावणार?”

दुसऱ्या दिवशी मला टॅक्सीच्या टपावर बांधून ओपोकूकडे नेलं, बदलून घ्यायला. एबोनं पाठीवरच्या पिशवीत गेमचा डबा आणि कंट्रोलर घेतला होता. ओपोकूनं आंटीला खुर्ची दिली आणि पासष्ट इंचांच्या एका भिंतीएवढ्या टीव्हीवरचं कापड दूर केलं. पोपट आणि धबधबा चालूच होते.

“मॅडम, हा घ्या. पोपट पडद्यातून बाहेर येतो की काय असं वाटतं.”

“मला पोपटाला खेळायला लावायचं नाहीये,” एबो म्हणाला. “माझा डबा जोडू दे.”

“बॉस, टीव्ही डोळ्यांनी घेतात.”

“मी अंगठ्यानं घेणार आहे.”

एबोनं सगळी दुपार घालवली. टीव्ही जोडायचा, गेमचं बटण शोधायचं, अंगठा दाबायचा, फोननं टिपायचं, तुकडे मोजायचे. पासष्ट इंची सुंदरी एकतीसवर अडकली. तिच्याशेजारचा चोवीसवर आला. ओपोकूची दोन गिऱ्हाइकं स्वतःची खरेदी विसरून मोजायला बसली. शेवटी एबोनं मागच्या फळीवर उलटा पडलेला चोवीस इंचांचा एक काळा टीव्ही काढला. कोपऱ्यात ओरखडा, खाली पाय नाहीत, रंग धुतल्यासारखे फिके. कुठल्याशा कचेरीत त्यानं आकडे दाखवण्यात उमर घालवली होती. त्याला नटायला कुणी शिकवलंच नव्हतं. एबोनं मोजलं. सतरा.

“हाच,” तो म्हणाला.

“लोक म्हणतील, आंटीचा टीव्ही धुण्यात आटला,” आंटी पुटपुटली. पण एबोचा चेहरा बघून तिनं पुढं वाद घातला नाही. ओपोकू मला परत घेईना, म्हणाला, वापरलेला माल आहे. मी त्याच्याकडून वापरलेलाच निघालो होतो, पण ते जाऊ दे. आंटी म्हणाली, “नको घेऊस. याचं काय करायचं ते मी बघते.”

त्या रात्रीपासून मी दुकानाच्या भिंतीला टेकून, अंगावर कापड घेऊन उभा होतो. माझ्या टेबलावर तो काळा बुटका विटांवर बसला. मला असूया वाटली असं तुम्हाला वाटेल. थोडी वाटली. पण कापडाला एक भोक होतं, आणि त्यातून मी एबोला खेळताना पाहिलं. पहिल्याच मॅचला जोजोचा चेंडू त्यानं कोपऱ्यात अडवला. अंगठा पडला आणि गोलकीपर उडाला, मध्ये फट नाही. एबो क्षणभर खेळायचंच विसरला.

“आता माझ्या आजीला आणावं लागणार,” जोजो म्हणाला, आणि हरून उठताना त्यानं एबोच्या पाठीत एक जोरात थाप घातली.

सहा मार्चला मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये स्पर्धा झाली. आंटीनं मला तिथं लावायला दिलं, प्रेक्षकांसाठी. खेळाडू खाली छोट्या टीव्हींवर खेळत होते आणि तेच चित्र मी भिंतीवरून सगळ्या हॉलला दाखवत होतो. हे काम मला जमत होतं. बघणाऱ्याला पापणीभर उशीर झाला तर त्याचं काही जात नाही. मला फक्त एवढंच जाणवायचं की खाली एबोचे खांदे हलायचे आणि माझ्यावर त्याचा माणूस नंतर हलायचा. तो काय करणार हे मला त्याच्या अंगावरून आधी कळत होतं.

एबो चार मॅच जिंकला. अंतिम सामन्यात समोर न्हिरा नावाची मुलगी होती, तेमाहून शिकायला आलेली, एकोणीस वर्षांची. ती च्युइंगम चघळत खेळायची आणि तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. सामना बरोबरीत आला. शेवटच्या मिनिटाला एबोला मोकळी जागा मिळाली. डावीकडे त्याचा माणूस एकटा उभा होता. अख्खा हॉल ओरडत होता, पास दे. एबोनं पास दिला नाही, स्वतःच मारला. चेंडू खांबाला लागून परत आला, न्हिरानं तो पळवला आणि गोल केला.

हॉल उठला. जोजोनं डोकं धरलं. आंटी घाईघाईनं एबोकडे गेली, तिला वाटलं आता हा पुन्हा अंगठ्याकडे बघत बसणार.

“हात दुखला का रे?” तिनं विचारलं.

“हात?” एबो हसत होता. हरलेला माणूस इतका मोकळा हसताना मी पाहिला नव्हता. “मी जे सांगितलं ते हातानं केलं, आंटी. ज्या क्षणी सांगितलं त्या क्षणी केलं. चूक माझी. हाव सुटली मला, पास द्यायला हवा होता.” मग तो न्हिराकडे गेला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी ये. मी पास द्यायला शिकून ठेवतो.”

कोल्ड स्टोअरचा विषय परत निघाला नाही. टपरीत भिंग पुन्हा डोळ्यावर चढलं.

आणि मी? मी हल्ली अंत्यविधींना जातो. आंटी मला शनिवारी भाड्यानं देते. काळ्या-तांबड्या कपड्यांतली माणसं जमतात, आणि मी गेलेल्या माणसाचे फोटो एकामागून एक दाखवतो. शाळेतला, लग्नातला, बोटीवरचा. इथं मला नटायला मोकळीक आहे. मेलेल्या माणसाला शेवटचं देखणं दाखवावं, असं सगळ्यांनाच वाटतं. एखादी आत्या जवळ येऊन माझ्या काचेवर हात फिरवते. कुणी म्हणत नाही की लवकर कर.

म्हणून तुम्हाला एकच सांगतो. आम्हाला घ्यायला याल तेव्हा आधी विचार करा की आमच्याकडून काम काय घ्यायचंय. नुसतं बघायचं असेल तर डोळ्यांनी निवडा. खेळायचं असेल तर तुमचा डबा बरोबर आणा, पोपट बंद करायला सांगा आणि अंगठ्याला विचारा. आणि घरातला कुणी अचानक चुकायला लागला तर त्याला गंजलेला म्हणण्याआधी त्याच्यासमोर काय ठेवलंय ते एकदा बघा.

गेल्या महिन्यात शामा गावच्या एका अंत्यविधीत वीज दांडगाई करत आली आणि माझं डोकं सुन्न झालं. पडदा काळा. आंटीनं मला एबोच्या टपरीत आणलं आणि म्हणाली, “याचं काही होत असेल तर बघ, नाहीतर दे टाकून. तुला यानं कमी छळलंय का?”

एबोनं माझी पाठ उघडली. आत आजवर कुणी शिरलं नव्हतं. भिंग खाली आलं, चिमटा आला, डाग द्यायची तापलेली सुई आली. जळालेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा होता आणि दोन्ही बाजूंना माझ्या नाजूक तारा होत्या. सुईचं टोक जरा हललं असतं तर मी कायमचा गेलो असतो. मी त्याच्या उजव्या अंगठ्याकडे लक्ष ठेवून होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तो हलला नाही. कणी निघाली, नवी कणी बसली, डाग थंड झाला.

त्यानं मला चालू केलं. काहीच झालं नाही. “गेला वाटतं,” आंटी म्हणाली आणि पुढं झाली.

एबोनं तिला हातानंच मागं थांबवलं. “थांबा, आंटी. याला थोडा वेळ लागतो.”

मी सावकाश उजळलो. तो थांबला होता.